घरंगळतं ते सिंधुचं

सरजाबाईंचा वरवंटा शाळेत गेला, तिथून ह्या घराचं बिनसलं.

सकाळची वेळ. थोरली सून सिंधु पाट्यावर हिरव्या मिरच्या, लसूण अन् खडेमीठ मांडून बसली. हात मागं नेला, तर वरवंटा नाही. पाटा आहे, मिरच्या आहेत, बसणारी बाई आहे, वाटायचं कशानं? तिनं मोरीत बघितलं, रांजणामागं बघितलं, सासूच्या खाटेखालीसुद्धा वाकून बघितलं.

"माझ्या खाटेखाली काय हुडकून राहिलीस गं? वरवंटा उशाला घेऊन झोपत असते का मी?" सरजाबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

"तुमचं काय सांगावं आत्याबाई. अडकित्ता तर घेताच."

लोह्याच्या ह्या घरात सरजाबाईंना असं तोंडावर बोलायची मुभा एकट्या सिंधुला होती, अन् तीही तिचे हात कामात असले तर. मालक पोरं लहान असतानाच गेले. त्यानंतर शेत, दोन पोरं, दोघांची लग्नं, हे स्लॅबचं घर, सगळं बाईनं एकटीनं ओढलेलं. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या असतील नसतील. पण बाजारात घासाघीस करायची असली, की गल्लीतल्या बाया अजून त्यांना पुढं घालून न्यायच्या.

वरवंट्याचा पत्ता दुपारी लागला. धाकटी सून पुनम नांदेडची, डी.एड. झालेली. गावातल्या एका खासगी शाळेत ती चौथीला शिकवायची. धडा होता घरातल्या वस्तूंच्या आकारांचा. आदल्या दिवशी काड्यापेटी गेली होती, त्याच्या आधी नरसाळं. एक लिंबूही गेलं होतं. ते गोल म्हणून गेलं अन् परत आलंच नाही, पोरांनी सरबत करून पिऊन टाकलं. आज पुनमनं वरवंटा पिशवीत घातला होता, वृत्तचिती दाखवायला.

सिंधु गप्प बसणारी असती तर गोष्ट इथंच मिटली असती. पण ती मिरचीच्या हातानं, पदर खोचून, तशीच शाळेत गेली. वर्गात शिरली. पुनम वरवंटा उभा धरून पोरांना विचारत होती, "ह्याला वक्र पृष्ठ किती?" सिंधुनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"पोरांनो, हे चिती बिती काही न्हाई. हा वरवंटा हाय. अन् ह्याच्यापायी तुमच्या बाईच्या घरी आज ठेचा झाला न्हाई."

वर्ग असा हसला, की हेडमास्तर व्हरांड्यातून धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

संध्याकाळी पुनम घरी आली ती चपला न काढताच बोलायला लागली.

"माझी चाळीस पोरांसमोर इज्जत काढली ह्यांनी. आता पोरं मला वरवंटाबाई म्हणतात. मला ह्या घरात एकत्र राहायचं नाही."

"मग ऱ्हा की येगळी," सिंधु म्हणाली. होती गॅसपुढं, पण चुलीत फुंकर घातल्यागत बोलली. "कुणी तुझं दार धरलंय?"

"बघा! बघा आत्याबाई!"

"मी कशाला बघू? मला मोतीबिंदू हाय," सरजाबाई म्हणाल्या. त्यांना मजा वाटत होती. सुनांची भांडणं त्यांना टीव्हीपेक्षा बरी वाटायची. मधी जाहिरात नसायची.

पण जेवायला बसल्यावर मजा गेली. थोरला मल्लेश शेतातून आलेला. तो ताटाबाहेर बघतच नव्हता. धाकटा शिवकुमार नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता अन् गिऱ्हाइकाशी बोलायची सवय घरीही तशीच ठेवून होता. तोच बोलला.

"माय, रोजची तकरार नको. दोन चुली करू, सगळ्यांना तसल्ली. अन् तुझं काय, सोपंय. एक महिना दादाकडं, एक महिना आमच्याकडं. पाळीनं."

सरजाबाईंचा घास हातातच राहिला.

पाळी म्हणजे काय ते त्यांना देवणीत दिसलं होतं. धाकटी बहीण नीलम्मा तिथं दिलेली. तिच्या पोरांनी चुली वेगळ्या केल्या अन् आईला पाळी लावली. तेव्हापासून नीलम्माची कापडी पिशवी कधी पूर्ण रिकामी झाली नाही. दोन लुगडी, डोळ्यांचं औषध, देवाचा फोटो, सगळं कायम त्या पिशवीत. आज इकडच्या ओसरीवर, पहिल्या तारखेला तिकडच्या. महिना एकतिसाचा आला, की दोन्ही सुना म्हणायच्या, शेवटचा दिवस आमच्यात धरलेला नाही. त्या दिवशी नीलम्मा मठात जेवायची अन् सांगायची, माझा उपास असतो. सरजाबाईंनी तिला एकदाच विचारलं होतं, "एकतीस तारखेचा कुठला देव गं?" नीलम्मा हसली होती, अन् ते हसणं सरजाबाईंना आवडलं नव्हतं.

त्यांनी घास ताटात ठेवला अन् मनाशी ठरवलं: चूल दोन होऊ द्यायची नाही. अन् तोंडानं नको म्हणून म्हणायचंही नाही. नको म्हणणाऱ्या म्हातारीला हट्टी म्हणून मोकळं होतात. हो म्हणणाऱ्या म्हातारीचं काय करावं, ते लोकांना लवकर सुचत नाही.

"करा की दोन चुली," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी कुठंबी खाईन."

सिंधुनं मान वर करून सासूकडं बघितलं. इतक्या वर्षांत म्हातारी कधी एवढी गोड बोलली नव्हती. तिला जरा भ्याव वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुनम शाळेतून आल्यावर सरजाबाईंनी तिला जवळ बसवलं.

"पुनम, ते तुझं आकाराचं मला सांग बरं."

"कशाला? परत वर्गात यायचंय का कुणाला?"

"न्हाई गं. मी म्हटलं, सून एवढी शिकलेली अन् मी अशी ठोंब. सांग."

शिकवणाऱ्या माणसाला शिकव म्हटलं, की त्याचा राग किती वेळ टिकणार? पुनमनं ओसरीवर डाळीचा डबा, वीट, सोंगटीचा फासा, कांदा अन् नरसाळं मांडलं. डबा वृत्तचिती. वीट इष्टिकाचिती. फासा घन. कांदा गोल. नरसाळं शंकू.

"विटेला एवढं लांब नाव कशाला?"

"इष्टिका म्हणजे वीटच की, आत्याबाई."

"मग वीट म्हणा ना! पोरांच्या जिभेला पीळ कशाला पाडता?" अन् मग अगदी सहज विचारल्यागत, "ह्याच्यात घरंगळतं काय काय?"

"डबा, कांदा, नरसाळं. ज्याला वक्र पृष्ठ आहे ते घरंगळतं. फासा आणि वीट घरंगळत नाहीत, उतारावर ठेवल्या तर नुसत्या घसरतात."

"अन् विळी?"

पुनम थबकली. "विळी... विळी ह्यातल्या कशात बसत नाही. ती संकीर्ण."

"म्हणजे?"

"म्हणजे उरलेली."

"बास," सरजाबाई म्हणाल्या. "लई छान शिकवतीस बाई तू. घे, एक कांदा जास्तीचा ने उद्या शाळेत."

रविवारी त्यांनी शेजारच्या दगडोबाला बोलावलं. दगडोबा गल्लीतला कायमचा पंच. बांध असो, बकरी असो, त्याला बोलावलं की तो टोपी झटकून यायचा. निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, चहा दोन्हीकडं प्यायचा. दोन्ही पोरं, दोन्ही सुना ओट्यावर जमल्या. सरजाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या.

"ऐका. शेत वाटायचं न्हाई, ते मी मेल्यावर बघा. घरातलं सामान वाटायचं. अन् मी कुणाला झुकतं माप दिलं असं व्हायला नको, म्हणून पुनमच्या शाळेतल्या रीतीनं वाटायचं. जे घरंगळतं ते एकीचं. ज्याला कोपरे हायत ते दुसरीचं. अन् जे कशातच बसत न्हाई, ते काय म्हटलीस गं, उरलेलं, ते माझं. उरलेल्या बाईला उरलेलं."

"वैनी, हे लई सरळ हाय," दगडोबा म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, पण पंचाला लगेच काहीतरी म्हणावं लागतं.

"आधी कोण निवडणार?" शिवकुमारनं विचारलं.

"धाकटीचा मान," सरजाबाई म्हणाल्या.

पुनमनं घरात नजर फिरवली. फ्रिज. टीव्ही. कपाट. कपडे धुवायची मशीन. गॅसची शेगडी. सगळे कोपरेच कोपरे. तिच्या गालावर खळी पडली.

"कोपऱ्याचं माझं."

सिंधुचा चेहरा पडायला हवा होता, पण तिचाही उजळला. माडीवर पितळेचं घंगाळ होतं, हंडे होते, घागरी होत्या. सासू वर्षातून एकदा चिंच लावून घासायची अन् कुणाला हात लावू द्यायची नाही. ते सगळं पोटाचं गोल.

"घरंगळतं ते माझं," सिंधु पटकन म्हणाली, सासूनं बोलणं फिरवायच्या आत.

दोघींना वाटलं, आपण दुसरीला गंडवलं. सरजाबाईंनी पान लावायला घेतलं.

घरापुढं फटफटी चढवायला सिमेंटचा उतार केलेला होता. ठरलं असं, की जिन्नस उतारावर ठेवायचा. घरंगळला तर सिंधुचा, घसरला तर पुनमचा, जागेवरच बसला तर सरजाबाईंचा. फ्रिज अन् कपाट डोळ्यानंच बघितलं. बाकी एकेक सामान मल्लेश आतून आणू लागला. गल्लीतल्या बाया आधी दारात, मग पायरीवर, मग थेट उताराच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. असा तमाशा गल्लीनं बघितला नव्हता.

घागर घरंगळली, सिंधुची. पाटा घसरला, पुनमचा. वरवंटा असा सुटला, की खाली उभ्या दगडोबाच्या घोट्यावर जाऊन आदळला अन् दगडोबा एका पायावर नाचत म्हणाला, "शिं... शिंधुचा!"

मिक्सरचं खोकं घसरलं, पुनमचं. त्याचं भांडं घरंगळलं, सिंधुचं. तवा आडवा ठेवला तर हलेना. सिंधुनं तो चाकासारखा उभा केला अन् सोडला, तो पार रस्त्यापर्यंत पळाला.

"हे चालणार नाही! उभा करायचा नाही!" पुनम ओरडली.

"तूच म्हटलीस ना पोरांना, चकती म्हणजे बुटकी वृत्तचिती? मी दारातून ऐकलं होतं त्या दिशी."

पुनमचं शिकवलेलं तिच्याच अंगावर आलं.

कुकर अर्ध्या वाटेपर्यंत घरंगळला अन् दांडीवर अडून थांबला. सगळे पंचाकडं बघू लागले. पंच घोटा चोळत होता.

"निम्म्या वाटेला गेला म्हणजे घरंगळलाच," सरजाबाईंनी निकाल दिला. "कुकर सिंधुचा. पण शिट्टी काढून ठेवा बघू त्या उतारावर." शिट्टी जागेवरच बसली. सरजाबाईंनी ती उचलून बटव्यात टाकली.

नरसाळ्यानं कमाल केली. ते सोडलं, तर सरळ खाली जायचं सोडून त्यानं वळण घेतलं, टोकाभोवती गिरकी मारली अन् वर तोंड करून सरजाबाईंच्या पायाशी येऊन थांबलं.

"वैनी, हे तुमच्याकडंच आलं की."

"शंकूचं तसंच असतं," पुनम चिडून म्हणाली. "कितीही ढकला, स्वतःच्या टोकाभोवतीच फिरतो." बोलून झाल्यावर ती सासूकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सरजाबाईंनी नरसाळं पायानं सिंधुकडं सारलं. "घरंगळलं का न्हाई? मग तिचं."

शेवटी स्वयंपाकघर राहिलं. शेगडी घसरली, पुनमची. गॅसची टाकी मल्लेशनं दोन्ही हातांनी धरून आडवी लवंडली, ती घरंगळली, सिंधुची. दोघींच्या एकदमच लक्षात यायला लागलं होतं. दोघींची तोंडं उघडी होती. तेवढ्यात सरजाबाईंनी रेग्युलेटरसकट रबरी नळी उतारावर ठेवली. ती घरंगळली नाही अन् घसरलीही नाही. उन्हात झोपलेल्या सापासारखी वेटोळं करून पडून राहिली.

"ही माझी," सरजाबाई म्हणाल्या, अन् ती मांडीवर घेतली.

गल्लीतली एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. शिवकुमारनं कपाळाला हात लावला.

"माय, अशानं स्वयंपाक कसा व्हायचा?"

"मला काय माहीत बाबा? मी दुसरीपर्यंत शिकलेली. शाळेची रीत शाळेत शिकलेल्यांना विचार." अन् विळी, सांडशी, झारा, उलथणं, अडकित्ता अन् कोठीच्या चाव्या घेऊन त्या आपल्या खोलीत गेल्या.

त्या संध्याकाळी घरात भांडं वाजलं नाही. सिंधु दगडी पाटा नसलेल्या जागेवर बसून होती. तिच्यापुढं परात, तवा, पातेली, भरलेली टाकी. पलीकडच्या खोलीत पुनम शेगडीची बटणं पुसत होती.

"घडीभर शेगडी दे," सिंधुनं भिंतीला सांगितलं.

"घडीभर टाकी द्या," पुनमनं भिंतीलाच उत्तर दिलं.

"आधी तू."

"आधी तुम्ही, ताई. तुम्ही थोरल्या."

दोघे भाऊ अंधार पडायच्या आत फटफटी काढून धाब्यावर गेले अन् बडीशेप चघळत परत आले. सिंधुनं चुरमुरे खाल्ले. पुनमनं फ्रिजमधला ब्रेड काढला, कारण ब्रेडला कोपरे होते. जामची बाटली मात्र घरंगळत होती, म्हणून कोरडाच खाल्ला. सरजाबाईंनी खोलीत भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. शेंगेला कुठलाच धड आकार नसतो. फोलपटं मोडल्याचा आवाज बाहेर दोन्ही सुनांना ऐकू जाईल, अशा बेतानं त्यांनी सावकाश खाल्ल्या.

सोमवारही तसाच गेला. सिंधुला साडीचा चिमटा हवा होता, तो सासूकडं. पुनमला पाणी प्यायला गिलास हवा होता, तो जावेकडं. ती फ्रिजमधल्या बर्फाच्या तुकड्यांवर तहान भागवत राहिली. मल्लेशनं खाटेवर अंग टाकलं तर पुनम दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, खाटेला कोपरे आहेत." मल्लेश मुकाट्यानं सतरंजी घेऊन ओट्यावर गेला. मग सतरंजीची गुंडाळी घरंगळते, का उलगडली की तिला कोपरे येतात, ह्यावर नवराबायकोत खूप वेळ बोलणं झालं.

सरजाबाई मांडीवर नळी घेऊन वाट बघत होत्या. मनात सगळं मांडलेलं होतं. मंगळवारी दोघी येणार. पुनम रडणार, सिंधु रडणार नाही पण पदर तोंडाला लावणार. 'आत्याबाई, चुकलं' म्हणणार. मग आपण जरा वेळ गप्प बसायचं, मग मोठ्या मनानं नळी द्यायची. त्याच्याबरोबर कायकाय ऐकवायचं तेही जुळवून ठेवलं होतं, अन् ते जरा लांबलचकच झालं होतं.

मंगळवारी दिवस कलला तरी कुणी आलं नाही. उलट घरामागनं धुराचा वास आला. मग लसणाचा. मग पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज. पाटा पुनमचा, वरवंटा सिंधुचा. सरजाबाईंनी कान टवकारले. मधूनच हसण्याचा आवाज आला, दोघींचा, एकदम. सरजाबाईंना ते हसणं ओळखीचं वाटलं. त्या स्वतः सासूच्या मागं जावेबरोबर अशाच हसायच्या.

"आत्याबाई, जेवायला या!"

त्या खोलीतून आल्या. ओसरीवर पाट मांडलेला. पुढं ताट. ताटात पिठलं, तिखट, पिवळंधम्मक, वर तेलाचा तवंग. बाजूला आंबील. भाकरी नाही.

सरजाबाई बसल्या. वाट बघितली. भाकरी आली नाही. शेजारी परातीत भाकरींची चवड दिसत होती, वाफ निघत होती.

"भाकर?"

"भाकरी कशी द्यायची, आत्याबाई?" पुनमनं वर्गातल्या आवाजात विचारलं. "भाकरी म्हणजे चकती. चकती घरंगळते. ती ताईंची."

"हाव," सिंधु म्हणाली. तिनं एक भाकरी उभी धरली अन् फरशीवर सोडली. ती खरंच दोन हात घरंगळत गेली. "बघा. माझी."

"पिठल्याला आकार नसतो," पुनम म्हणाली. "आंबिलीलाही नसतो. पातळ ते सगळं तुमचं. उरलेलं."

सरजाबाईंनी पिठल्याकडं बघितलं. दोन दिवस शेंगा खाऊन जीभ सोलली होती. पण त्यांचं डोकं दुसरीकडं चाललं होतं.

"नळी तर माझ्याकडं हाय. मग हे शिजवलं कशावर?"

"विटा," पुनम म्हणाली. "मागच्या बांधकामाच्या उरलेल्या. इष्टिकाचिती, म्हणजे माझ्या. तीन मांडल्या."

"तवा अन् पातेलं माझं, पिठाचे डबेबी माझे," सिंधु म्हणाली. "जळणाला पऱ्हाट्या शेतातल्या. शेत तुम्ही वाटलंच न्हाई."

सरजाबाई उठून मागच्या दारात गेल्या. परसात तीन विटांची चूल होती, निखारे अजून लाल. पलीकडं दोघी बसल्याच्या खुणा मातीत उमटल्या होत्या, अगदी एकमेकींना लागून. चूल लहान, एकीनं फुंकायचं, दुसरीनं थापायचं, तर लांब बसून भागत नाही.

एक चूल. त्यांनी दोन दिवस मांडीवर नळी धरून जिची वाट बघितली, ती त्यांना न विचारता त्यांच्याच पाठीमागं पेटली होती. त्यांना राग आला. मग हसू आलं. राग मोठा का हसू मोठं, हे लगेच ठरेना. तोवर तोंडाला पदर लावून त्या उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा चेहरा पहिल्यासारखा कडू केला होता.

"त्या शिवकुमारच्या पाळीचं काय मग?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग सिंधुच बोलली, ताटाकडं बघत.

"पाळी वाटणीतल्या जिन्नसाला असती. तुम्ही घरंगळत न्हाई, कोपऱ्यात बसत न्हाई. कुणाच्या वाट्याला आलाच न्हाईत, तर पाळी कुणी कुणाची लावायची?"

"मी म्हटलं होतं ताईंना, आत्याबाई शंकू आहेत," पुनम पुटपुटली. "पण ताई म्हणाल्या, शंकू घरंगळतो, मग आत्याबाई माझ्या एकटीच्या होतील. नको म्हणाल्या."

"नको म्हटलीस? गुमान भाकर दे इकडं, थोरले."

"पण ती माझी."

"दे म्हटलं ना."

सिंधुनं भाकरी दिली. सरजाबाईंनी ती मधोमध मोडली, परत मोडली. चतकोर हातात धरून पुनमला दाखवला.

"हे बघ. कोपरा आला का?"

"आला," पुनम म्हणाली.

"म्हणजे तुझी झाली." अन् मग त्यांनी तो चतकोर पिठल्यात टाकला, दुसरा टाकला, चारी टाकले, अन् पाची बोटांनी चांगलं कुस्करून टाकलं, भाकरी कुठली अन् पिठलं कुठलं कळेना असं. "अन् आता माझी. घ्या. हे वाटून दाखवा कुणी."

दारात मल्लेश अन् शिवकुमार येऊन उभे होते, धाब्याला जावं का घरीच थांबावं ह्याचा अंदाज घेत. सरजाबाईंनी मोठा घास घेतला, चावला, गिळला.

"शिवकुमार, लाव आता पाळी."

"कशाची गं माय? मी कधी म्हटलो पाळी?" शिवकुमार म्हणाला, अन् पाट ओढून बसला.

जेवणं झाली. सरजाबाईंनी बटव्यातून कुकरची शिट्टी काढली अन् नळीबरोबर पुनमच्या पुढं ठेवली. कोठीच्या चाव्या मात्र कमरेलाच राहिल्या. त्या उरलेल्यातल्या होत्या, अन् त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

"उद्या चहा गॅसवर करा. धुरानं डोळे गेले माझे," त्या म्हणाल्या. मग सिंधुकडं वळल्या. "अन् तू. पुनमला वरवंटा पाहिजे असला, तर आधी ठेचा वाटून घ्यायचा, मग द्यायचा. धुऊन. न्हाईतर पोरं डोळ्याला हात लावतील अन् बोंबलतील."

"अन् मी शाळेत गेले तर?" सिंधुनं मुद्दाम विचारलं.

"तू गेलीस तर मी पण येईन," सरजाबाई म्हणाल्या. "मलाबी बघायचंय, त्या हेडमास्तरला कोपरे किती हायत."